हॅम रेडिओ: लायसन्सआधी काय घेऊ?

घणसोलीकर: मंडळी, हॅमची (हौशी रेडिओ ऑपरेटरची) परीक्षा द्यायचीय पण लायसन्स मिळेपर्यंत नुसतं ऐकावं म्हणतोय, बजेट फार नाही, रेडिओ सेट घेऊ की लॅपटॉपवरच काही जमेल? अकराव्या मजल्यावर राहतो, सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देईल असं वाटत नाही.

येऊरवाला: सेट बिलकुल नको आत्ता. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) घे, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकू येतं, सोबत एसडीआर प्लस प्लस हे ऐकायचं सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं. आणि अकरावा मजला म्हणजे चैन आहे की रे! स्पेस स्टेशन जाताना १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेटची (डिजिटल संदेशांची) खरखर बरेचदा खिडकीतल्या अँटेनावरही मिळते, ते कधी जाणार ती वेळ हेवन्स-अबव्ह साइटवर बघायची.

खारघरची ताई: शॉर्टवेव्ह मात्र घरात अवघड, एलईडी, चार्जर, लिफ्ट सगळ्यांचा मिळून नुसता गोंगाट, त्यात ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल अँटेना म्हणजे २० मीटर वायर, गॅलरीत मावणार कुठे. त्यापेक्षा नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर) ब्राउझरमध्ये उघड, ७.०७४ मेगाहर्ट्झला एफटी८ (छोट्या डिजिटल संदेशांची पद्धत) लाव, तो आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्स या संदेश उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलास की कॉलसाइन (हॅम मंडळींची ओळखनावं) धडाधड दिसतात. व्यसन लागतं, आधीच सांगते.

घणसोलीकर: भारी! मग स्वस्तातली वॉकीटॉकी घेऊन ठेवू का?

येऊरवाला: नको रे बाबा, लायसन्सशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे. आधी रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दे, त्यात मोर्स कोड नाही. वरच्या जनरल ग्रेडला मोर्स लागतं, ते एलसीडब्ल्यूओ साइटवर फुकट शिकता येतं.