मेगन मोरोनीचं 'टेनेसी ऑरेंज' : नारंगी कपड्यांत एवढं काय आहे?

सायली_ठाणे
भाचीने अमेरिकन कंट्री गायिका मेगन मोरोनीचं 'टेनेसी ऑरेंज' ऐकायला पाठवलं. कंट्री संगीत माझा प्रांत नाही, पण चाल गोड आहे आणि तिचा किंचित घोगरा आवाजही आवडला. अर्थ मात्र लागेना. मुलगी आईला फोन करून सांगते की एकजण भेटलाय, बाबांना बोलू नकोस, भडकतील. आणि मी त्याच्यासाठी नारंगी घातलंय! यात बाबांनी भडकण्यासारखं काय? जातीपातीचं काही आहे का?

अटलांटाकरीण
जात नाही गं, कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे). इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत त्यावरून सोयरिकी मोडायच्या बाकी आहेत.

मेगन जॉर्जियाची. जन्म सव्हानाचा, वाढली अटलांटाजवळ डग्लसव्हिलला, शिकली अथेन्सच्या युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात. त्यांचा रंग लाल-काळा, टीम बुलडॉग्ज. नारंगी रंग नॉक्सव्हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेनेसीचा, म्हणजे शेजारच्या राज्यातला शत्रुपक्ष. तो पोरगा तिला नॉक्सव्हिलला मॅचला नेतो. तिथल्या नेलँड स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस मावतं. वर ती 'रॉकी टॉप'चे शब्दही शिकते. हे १९६७ चं गाणं, १९८२ पासून टेनेसीच्या राज्यगीतांपैकी एक. मॅचला त्यांचा बँड ते इतक्यांदा वाजवतो की पाहुण्यांचं डोकं उठतं. जॉर्जियाच्या मुलीने ते पाठ करायचं म्हणजे हद्दच झाली.

आमच्या घरात हाच प्रकार आहे. मी अथेन्सची, नवरा नॉक्सव्हिलचा. त्याचा एक जुना नारंगी टी-शर्ट आहे, रस्त्याच्या कामावरच्या जाकिटासारखा भडक, गळ्यापाशी विरलेला. मी तो धुते, घडी घालते, अंगाला लावलेला नाही. सासूबाई नाशिकहून आल्या होत्या, त्या मॅचच्या दिवशी कौतुकाने तोच चढवून बसल्या आणि सोफ्यावरचं माझं बहुमत गेलं.

म्हणून गाण्यातली माझी लाडकी जागा वेगळीच. नारंगी घातलं तरी जिंकावं आपल्या डॉग्जनीच, हे ती सांगून टाकते. प्रेमात पडली, पण पक्षांतर केलं नाही पोरीने!

सूरपेटी
छान लिहिलंय. टायमिंगचं मी सांगतो. गाणं आलं २ सप्टेंबर २०२२ ला, ऐन सीझनच्या तोंडावर. टेनेसीची टीम कितीतरी वर्षं रडतखडत चालली होती, ती नेमकी त्याच वर्षी उसळली. १५ ऑक्टोबरला त्यांनी अलाबामाला ५२-४९ हरवलं, तेव्हा पब्लिकने मैदानात घुसून गोलपोस्ट उपटले आणि मिरवत नेऊन टेनेसी नदीत टाकले. अशा माहौलात हे गाणं हातात पडल्यावर आणखी काय हवं?

पण नुसतं नशीबही नव्हे. निर्माता क्रिस्टियन बुश ('शुगरलँड' जोडीतला) याने वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही, त्यामुळे फोनवर आईशी बोलल्याचा सूर टिकतो. कंट्री रेडिओवर बायकांची गाणी आधीच कमी लागतात. २०१५ मध्ये तर एका रेडिओ सल्लागाराने गायिकांना सॅलडमधल्या टोमॅटोची उपमा दिली होती, म्हणजे चवीपुरत्याच. त्या रांगेतून नव्या मुलीने पुढे यायचं, तेही फुटबॉलवरचं गाणं घेऊन.

अवांतर: त्याच नोव्हेंबरात जॉर्जियाने टेनेसीला अथेन्समध्ये २७-१३ ने जमिनीवर आणलं. अटलांटाकरीणबाईंनी हे लिहिलं नाही याचं नवल वाटलं.

अटलांटाकरीण
@सूरपेटी, नवराही ही साइट वाचतो हो. संध्याकाळचा चहा त्याच्याच हातचा असतो.

सायली_ठाणे
आता परत ऐकलं, तो आईचा फोन भलताच गोड वाटला. तिचं आणखी काय ऐकू?

सूरपेटी
२०२३ चा 'लकी' अल्बम पहिल्यापासून लाव, हे गाणं त्यातच आहे. २०२४ मध्ये तिला सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) नवोदित कलाकाराचा पुरस्कारही मिळाला. टोमॅटोवाल्याने ऐकलं असेल अशी आशा.