ट्रेंच कोट आणि तोही नागपुरात?

बुटीबोरीवाला: काल इथं एकानं लिहिलं, 'ट्रेंच कोट कधी जुना होत नाही, ऑफिस असो की लग्न, प्रत्येकाच्या कपाटात एक हवाच.' अरे बापा! मे महिन्यात आपला पारा ४५ ला टेकतो, जुलैत शर्ट अंगाला चिकटतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी हा लांब पावसाळी कोट खंदकात, म्हणजे ट्रेंचमध्ये घातला, कारण तिथं थंडी होती, पाऊस होता. आपल्या बर्डीच्या बाजारात काय आहे? स्कूटीवर घालून निघा, कमरेचा पट्टा चाकात गेला की कळेल.

शिवणवेडा: अर्धवट माहिती. आधीचे मॅकिंटॉश रेनकोट रबरी होते, आत नुसता घाम. थॉमस बर्बेरी या इंग्रज कापडवाल्यानं १८७९ मध्ये गॅबर्डीन कापड काढलं: सूत विणण्याआधीच जलरोधक करायचं, मग घट्ट तिरकी वीण. पाणी अडतं, हवा खेळते. खांद्यावरच्या पट्ट्यासुद्धा हुद्द्याची चिन्हं लावायच्या कामाच्या होत्या. मी गांधीबागेतून सुती ड्रिल आणून बिनअस्तराचा शिवून घेतला. हिवाळ्यात पहाटे फुटाळा तलावावर मस्त चालतो.

बुटीबोरीवाला: म्हणजे दोन महिने. उरलेले दहा महिने डांबराच्या गोळ्या.

खामल्याची_ताई: मी बाराही महिने घालते. बाहेर नाही, ऑफिसात! बाहेर ४५, आत एसी १८ वर. रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, अन् साहेब सूटबुटात. माझी खुर्ची बरोबर झोताखाली. शाल घेतली तर म्हणतात, 'आजीबाई झालात का?' कोट घातला तर 'वा, स्मार्ट!' बटणं दोन ओळींत, छातीवर कापड दुहेरी. झोत बरोबर तिथंच अडतो.

इतवारीचा_भाऊ: एसीनंच वाट लावली. आमच्या घरी वाळ्याच्या ताटीचा कूलर, मे महिन्यात गोधडी लागते! बिल पाहा अन् बोला.

शिवणवेडा: भाऊ, विषय कोटाचा आहे.

इतवारीचा_भाऊ: कोट कशापायी लागला, एसीपायीच ना? मग विषय एसीचाच.

धंतोलीकर: कूलरचं कौतुक जूनपर्यंतच. हवेत दमटपणा आला की पाणी सुकतच नाही, गार काय होणार? जुलैत तुमच्या घरात बसलो तर उशीलाही बुरशी लागेल.

इतवारीचा_भाऊ: माझ्या घरात तुले बोलावलं कोणी?

बुटीबोरीवाला: भांडू नका. ताईंचं पटलं, नाइलाजानं. झोताखाली बसणाऱ्यांनी खुशाल घाला. पण मग 'सदाबहार फॅशन' म्हणू नका, साहेबांच्या हट्टावरचा उपाय म्हणा. अन् लग्नात तर नकोच. सावजी रश्श्याची तर्री त्या फिक्या खाकीवर सांडली की जलरोधक सूतही हात टेकेल.

शिवणवेडा: मुळात तो कामाचाच कपडा होता, साहेब. खंदकातला काय किंवा ताईंच्या टेबलावरचा काय. रश्श्याचं मान्य. मी पंगतीत खुर्चीवर काढून ठेवतो.

धंतोलीकर: इतवारीचे भाऊ, राग सोडा. माझ्याही कूलरचा पंप जळलाय. तुमच्याकडे कोण दुरुस्त करतो?