मदत हवी आहे: थेम्सकाठच्या जुन्या जलरंग चित्राचं वय कसं ठरवू?

नमस्कार मंडळी,

मी लंडनला राहते. गेल्या रविवारी इथल्या जुन्या बाजारातून एक जलरंगातलं चित्र घेतलं. दक्षिण काठावरून पाहिलेली थेम्स, होड्या, पलीकडे घरांची दाटी आणि त्यावर सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट. विकणारा म्हणाला, 'अठराव्या शतकातलं आहे.' तो म्हणणारच!

घरी आल्यावर भिंग घेऊन बसले. डावीकडे नऊ कमानींचा दगडी पूल आहे. तो १७६९ साली सुरू झालेला जुना ब्लॅकफ्रायर्स पूल असावा, म्हणजे चित्रातला देखावा त्यानंतरचा. उजवीकडे १८१९ साली सुरू झालेला साउथवर्कचा लोखंडी पूल मात्र कुठेच नाही. पण देखावा जुना म्हणून कागदही जुनाच असेल असं थोडंच आहे? कुणी नंतर नक्कल केली असेल तर?

आकाश गुलाबीसर दिसतंय. नीळ वापरलेली जुनी आकाशं उजेडाने अशी लालसर होतात असं वाचलंय, पण ही संध्याकाळच रंगवलेली असेल तर माझा सगळा तर्क पाण्यात.

कागदातलं जलचिन्ह (वॉटरमार्क, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण) पाहायचंय, पण चित्र मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलंय. स्वतः सोडवायला हात धजावत नाही. न सोडवता काही कळू शकतं का? आणि छापील रेषांवर हाताने रंग भरलेत की सगळंच कुंचल्याचं काम आहे, हे भिंगातून कसं ओळखायचं? कागद-संवर्धनातलं कुणी असेल तर प्लीज सांगा. फोटो टाकते.