फिलिपिन्समधल्या सांता रोसा शहरात फॅक्टरी जॉब, एजंट खरं बोलतोय का?

कुपवाडचा_काका
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून विचारतोय. माझा पुतण्या डिप्लोमा मेकॅनिकल झालाय, कुपवाड एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवतो, सेटिंग पण स्वतःच करतो, तरी कंत्राटदाराकडनं ओव्हरटाइम धरून अठरा हजार हातात पडतात आणि सहा-सात महिने झाले की ब्रेक. आता मिरजेतला एक एजंट मागं लागलाय, म्हणतोय फिलिपिन्समध्ये मनिलाच्या खाली सांता रोसा म्हणून शहर आहे, तिथं इंडस्ट्रियल झोनच झोन आहेत, ऑपरेटरला महिना पंच्याहत्तर हजार, राहणं फ्री, फक्त दीड लाख आधी भरा. व्हिसा लागतच नाही म्हणतोय, विमानात बसायचं आणि तिथं गेल्यावर कंपनी वर्क परमिट करून देणार. पोरगं एकदम तयार झालंय, वहिनी दागिने मोडायच्या गोष्टी करायला लागल्यात. असं शहर खरंच आहे का? कुणी गेलंय का तिकडं? जरा इस्कटून सांगा.

विटेकर_गलाईवाला
काका दीड लाख कुणालाबी देऊ नगा. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी (सोनं-चांदी गाळायचं काम) निम्मा देश फिरली, पण कुणीतरी पाव्हणा आधी तिथं असल्याशिवाय कोण गेलं न्हाई. ह्यो एजंट तुमचा पाव्हणा हाय का?

शिरवळ_नाईटशिफ्ट
काका, शहर खरं आहे आणि कंपन्या पण खऱ्या आहेत, म्हणून तर असली स्कीम खपते. मी आधीच्या पुण्यातल्या नोकरीत असताना मशीन इन्स्टॉलेशनसाठी लागुना प्रांतात जाऊन राहिलोय, सांता रोसा त्याच प्रांतात, मनिलापासून साधारण चाळीस किलोमीटर, एक्स्प्रेसवे लागतो. २००४ पर्यंत त्याला शहराचा दर्जा पण नव्हता आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाखाच्या वर. टोयोटाचा प्लांट तिथलाच, आपल्या घाटातनं पळणाऱ्या इनोव्हाची तिकडची भावंडं तिथं बनतात. मित्सुबिशीचा पण आहे, तो मूळचा फोर्डचा, फोर्डनं २०१२ ला बंद केला मग यांनी घेतला. लागुना टेक्नोपार्क सांता रोसा आणि शेजारच्या बिन्यानमध्ये पसरलंय. पार्कच्या गेटवर सिक्युरिटी, आत रस्ते एकदम झाडून-पुसून, आणि शिफ्ट सुटली की बाहेर जीपनीची ही रांग (जीपनी म्हणजे तिकडची वडाप, शेअर जीप समजा, फक्त रंगरंगोटी जास्त).

पण एजंट सांगत नाही ते ऐका. होंडानं तिथला कार प्लांट २०२० ला बंद केला, निस्साननं २०२१ ला. थायलंड-इंडोनेशियात बनलेल्या गाड्या आसियान करारामुळं बिनड्युटीच्या येतात, मग तिथं बनवायला परवडत नाही, त्यात वीज महाग. म्हणजे गाड्यांच्या लाइनवरचे अनुभवी लोक तिथंच सुटलेत, ते सोडून कंपनी कुपवाडचा पोरगा विमानानं कशाला नेईल? बाकी मोठं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, त्या देशाच्या मालाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रॉनिक्सच आहे, चिप असेंब्ली, टेस्टिंग, वायर हार्नेस वगैरे. त्या लाइनवर मी बघितलं त्यात बहुतेक पोरीच, सगळ्या लोकल, मॅनपॉवर एजन्सीकडनं घेतलेल्या. इंग्रजी सगळ्यांना येतं पण शॉपफ्लोअरवर बोलणं सगळं टागालोग या तिकडच्या भाषेत, सुपरवायझर ओरडला तरी आपल्याला कळत नाही कुणावर ओरडला.

आणि ब्रेकचं म्हणाल तर तिथं पण हेच! कायद्यानं सहा महिन्यांत परमनंट करायचं म्हणून पाचव्या महिन्यात काढायचं, त्याला ते लोक एंडो म्हणतात. तिथला आधीचा राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते, त्यानं निवडणुकीत हे बंद करतो म्हणून सांगितलं होतं आणि त्यासाठीचा कायदा २०१९ मध्ये टेबलावर आला तेव्हा त्यानंच व्हेटो मारला. एक गोष्ट मात्र चांगली, तेरावा पगार १९७५ पासून कायद्यानंच आहे, २४ डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो, आपल्यासारखं दिवाळीला साहेबाच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही.

सातारकर_ताई
मी एचआरमध्ये आहे, बाहेरच्या देशातली डॉक्युमेंटेशनची कामं बघते, म्हणून कागदाचं तेवढं सांगते. व्हिसा लागत नाही हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यातच माणूस फसतो. जून २०२५ पासून भारतीयांना तिथं १४ दिवस बिनव्हिसा जाता येतं पण फक्त फिरायला. ते वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या व्हिसात बदलून पण मिळत नाही. म्हणजे "तिथं गेल्यावर करू" हा प्रकार त्या रस्त्यानं होऊच शकत नाही, पंधराव्या दिवसापासून तुमचा पुतण्या बेकायदा आणि त्यानंतर कामाचे तास किती, पगार किती, राहायचं कुठं, सगळं समोरचा ठरवणार.

खरी पद्धत अशी की तिथल्या कंपनीनं त्यांच्या कामगार खात्याकडून एलियन एम्प्लॉयमेंट परमिट काढायचं, त्यासाठी आधी जागेची जाहिरात द्यावी लागते आणि हे काम करायला लायक फिलिपिनो माणूस मिळत नाही असं दिसलं तरच परमिट, आणि त्याच्या जोडीला नोकरीचा व्हिसा. व्हीएमसी ऑपरेटर मिळत नाही हे कोण सिद्ध करणार? शिवाय झोनमधल्या कंपन्यांना १९९५ च्या झोन कायद्यातच अट आहे, परदेशी माणसं सुपरवायझर, टेक्निकल किंवा सल्लागार म्हणूनच आणि कामगार मंत्र्यांची खास परवानगी नसेल तर एकूण स्टाफच्या पाच टक्क्यांच्या आत. त्या पाच टक्क्यांत जपानी-कोरियन मॅनेजर बसलेले असतात.

पगाराचं पण बघा. खुद्द मनिलात किमान वेतन जुलै २०२५ पासून रोजचे ६९५ पेसो, लागुनात त्याहून कमी. पेसो दीड रुपयाच्या आसपास धरा, २६ दिवसांचे झाले सत्तावीस हजार रुपये. लोकल ऑपरेटर त्याच्या आसपास मिळत असताना तुमच्या पोराला पंच्याहत्तर कोण देतंय आणि कशासाठी देतंय हे एजंटला विचारा.

मिरज_पालक
माझी मुलगी दवावला मेडिकलला आहे म्हणून तिकडची थोडी माहिती. दवाव दक्षिणेला, सांता रोसापासून लांब, दुसऱ्या बेटावर. आपल्याकडची बरीच मुलं तिथं शिकतात, शहर शिस्तीचं आहे, रस्त्यावर सिगारेट ओढली तर दंड. आजूबाजूला केळीच्या बागा, निर्यातीची केळी, पॅकहाऊस, तासगावच्या द्राक्षवाल्यानं एकदा बघावं असं काम. पण फॅक्टरीत काम करणारा मराठी माणूस काही भेटला नाही आम्हाला. उलट मुलीच्या घरमालकिणीचा नवरा दुबईत आणि भाऊ जहाजावर. त्या देशातनंच वीस लाखाच्या वर माणसं बाहेर कामाला आहेत.

शिरवळ_नाईटशिफ्ट
हेच म्हणायचं होतं मला, ज्या देशाची माणसं पोटासाठी सौदीला जातात तिथं आपण पोटासाठी चाललोय 😀

माणदेशी_राजा
सगळे नको नको म्हणताय पण इथं तरी काय ठेवलंय ते पण सांगा की. आमच्या माण तालुक्यात म्हसवडला इंडस्ट्रियल कॉरिडॉर होणार होणार म्हणून माझं मिसरूड फुटलं त्याचं आता पांढरं व्हायला आलं. जमिनी कुणाच्या जाणार याच्यावर मिटिंगा झाल्या, चहा झाला, नोकरी कुठाय? अठरा हजारात पोराचं लग्न ठरत नाही काका, मुलीकडचे पहिलं विचारतात परमनंट आहे का. त्यामुळं पोरगा बाहेर जातो म्हणतोय यात त्याची चूक काय? एजंट चोर असंल पण पोराची निकड खरी आहे.

शिरवळ_नाईटशिफ्ट
राजाभाऊ निकड कुणी नाकारत नाही. पण तिथल्या माणसाला सांता रोसा मिळालं ते एका दिवसात नाही मिळालं, तिथं पण मनिलाजवळची शेती गेली, खाजगी बिल्डरनी पार्क काढले, पेझा नावाच्या सरकारी संस्थेनं करसवलती दिल्या, आपल्यासारखं एमआयडीसीच प्लॉट पाडणार असं नाही. आणि आपल्याकडं खंडाळा-शिरवळ पट्टा असाच वाढला, एशियन पेंट्सचा प्लांट आला, हायवे होता म्हणून आलं सगळं. माणला हायवे आणि पाणी दोन्ही पोचेपर्यंत तुमची मिसरूड अजून पांढरी होणार, हे मात्र कबूल.
पुतण्याला सेटिंग येतं ना काका? मग प्रोग्रॅमिंग शिकव म्हणावं, फाइव्ह अ‍ॅक्सिस, टूल अँड डाय (साचे बनवायचं काम). संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, कोर्स बघा. त्या लाइनचा माणूस शिरवळ-चाकणला कंत्राटदाराशिवाय लागतो, आणि पुढं बाहेर गेला तरी टेक्निकल म्हणून जातो, कंपनी स्वतः तिकीट काढते.

कुपवाडचा_काका
सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितल्यासारखं एजंटला फोन करून कंपनीचं नाव, ऑफर लेटर आणि परमिटचं विचारलं. म्हणतोय कंपनीचं नाव पैसे भरल्यावर, आधी सांगितलं तर तुम्ही डायरेक्ट जाता. आणि परत म्हणतोय फॅक्टरीत नाही जमलं तर कस्टमर सपोर्टला लावतो, कॉम्प्युटरवर बसून काम, पगार तोच. पोराला ते अजूनच आवडलं.

सातारकर_ताई
काका, ते कस्टमर सपोर्ट ऐकून तर तिथंच थांबा. तिकडं खरी कॉल सेंटरं भरपूर आहेत, पण ती त्यांच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी भरलेली आहेत. परदेशी पोरं डांबून ठेवून ऑनलाइन फसवणूक करून घेणारे अड्डे पण तिथं पकडलेत, २०२४ मध्ये सरकारनं ऑनलाइन जुगाराच्या त्या कंपन्यांवरच बंदी आणली ती त्याच भानगडीतनं. व्हीएमसीवाल्याला कुणी चॅटवर बसवायला नेत नाही.
परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र खात्याचं रजिस्ट्रेशन लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, नाव टाकून बघा. रजिस्टर्ड असला तरी फी जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी. दीड लाख कुठल्याच हिशोबात बसत नाही. पोराचा पासपोर्ट कुठाय?

कुपवाडचा_काका
पासपोर्ट एजंटकडंच आहे, व्हेरिफिकेशनसाठी म्हणून मागून घेतला होता.

सातारकर_ताई
आज जाऊन घ्या. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, एजंटला ठेवून घ्यायचा अधिकार नाही. देत नसेल तर तिथनंच सरळ पोलीस स्टेशन.

विटेकर_गलाईवाला
एकटं जाऊ नगा काका. मी मिरजेत हाय चार वाजंपर्यंत, स्टेशनजवळ या, मेसेजमध्ये नंबर टाकलाय. पोराला बी संगं आणा, त्यानं सोता मागू दे पासपोर्ट.