घरच्या हिरवळीसाठी गवत कापायचं यंत्र : तुमचे अनुभव सांगा

पाऊस सुरू झाला की हिरवळ बघता बघता घोट्याच्या वर जाते. माळी वेळेवर मिळत नाही, मग आपण यंत्र बघायला निघतो. दुकानात पहिला प्रश्न येतो, "पेट्रोल की इलेक्ट्रिक?" माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. गवत कोणतं, ते किती उंचीवर ठेवायचं आणि जागा केवढी, हे आधी ठरवा, मग निवड सोपी होते. म्हणून कंपनीच्या नावाआधी गाव, गवत आणि जागा लिहा. सुरुवात मी करते.

पुणे. अंगणात साधारण 600 चौरस फूट बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच. हे गवत इंचभरच ठेवलं तर छान दाट होतं, म्हणून मी हाताने ढकलायचं सिलिंडरचं यंत्र घेतलं. त्याची पाती फिरताना खालच्या स्थिर पात्याला लागून गवत कात्रीसारखं कापतात. शेंडे चिरडत नाहीत, त्यामुळे नंतर टोकं पिवळी पडत नाहीत. 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पेटंट घेतलं ते याच रचनेचं. लोकरी कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून त्याला ती सुचली होती. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पाती जुळली आहेत का ते बघायला रद्दी पेपरची पट्टी दोन पात्यांमध्ये धरायची आणि सिलिंडर जपून फिरवायचा, बोटं लांब ठेवून. पट्टी कापली गेली तर उत्तम. नुसती दुमडली तर बाजूचे स्क्रू अगदी थोडे आवळायचे आणि डावीकडे, मध्ये, उजवीकडे पुन्हा बघायचं. धार गेली की इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट पात्यांना लावून सिलिंडर उलटा फिरवायचा. मात्र गवत चार-पाच इंच वाढलं तर हे यंत्र त्याला आडवं पाडून पुढे जातं. पावसाळ्यात दर आठवड्याला फिरवणं होणार नसेल तर घेऊ नका.

नाशिकहून : आमच्याकडे वायरवालं रोटरी आहे. आडवं पातं जोरात फिरतं, त्यामुळे वाढलेलं गवतही कापलं जातं. वजनाला हलकं, आईसुद्धा चालवते. भीती एकाच गोष्टीची, वायरची. ती खांद्यावरून मागे टाकायची, प्लगच्या बाजूने सुरुवात करून लांब लांब जायचं, म्हणजे पात्याखाली येत नाही. ओल्या गवतात चालवायचं नाही आणि त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. यात तडजोड नको.

राजापूरहून : आमचं परडं उताराचं, मध्ये जांभ्याचे दगड, माडांची आळी. चाकांचं यंत्र इथे चालणारच नाही. खांद्याला अडकवायचा ग्रासकटर घेतला, पेट्रोलमध्ये 2टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल घालून चालणारा. दगडाजवळ नायलॉनची दोरी, रानात लोखंडी पातं. दगड गोळीसारखा उडतो, तेव्हा चष्मा आणि गमबूट घातल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पोरांना घरात ठेवा हो, घरात!

श्टुटगार्टहून (जर्मनी) : बॅटरीचं घेतलं, मुख्यतः आवाजासाठी. अर्थात बॅटरीचं असलं तरी इथे निवासी भागात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गवत कापायचं यंत्र चालवता येत नाही, इतर दिवशी रात्री 8 ते सकाळी 7 बंद. नोकरी करणाऱ्याला उरते संध्याकाळ आणि शनिवार. म्हणून एका चार्जमध्ये पूर्ण हिरवळ होईल एवढी बॅटरी बघून घ्या. तीच बॅटरी कुंपण छाटायच्या यंत्रालाही चालते, हा मोठा फायदा.

न्यू जर्सीहून : पाव एकरचा प्लॉट, गवत फेस्क्यू, थंड हवेतलं. हे तीन इंचांखाली आणलं की उन्हाळ्यात करपतं, म्हणजे पुणेकर ताईंच्या अगदी उलट! 21 इंच रुंदीचं, स्वतः पुढे सरकणारं पेट्रोलचं यंत्र आहे. कापलेलं गवत बारीक करून तिथेच पडू देतो, खत होतं. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढतो, दर वेळी.

ठाण्याहून : गच्चीवर जेमतेम 60 चौरस फूट कार्पेट गवत लावलंय. सगळ्यात छोटं यंत्र कोणतं घेऊ?

ठाणेकरांना : घेऊच नका! कार्पेट गवत फार सावकाश वाढतं, त्याला गवत कापायची कात्री पुरते. लांब दांड्याची मिळाली तर वाकावं लागत नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. वाचलेल्या पैशांत चांगलं शेणखत आणा आणि गच्चीचं पाणी नीट वाहून जातंय ना, ते या पावसाआधी बघून घ्या.