सूक्ष्मप्रवाही चिपमधील हवेचे बुडबुडे कसे टाळावेत?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर):
आमच्याकडे पीडीएमएस (रबरासारखे पारदर्शक सिलिकॉन) आणि काचेच्या, अतिशय बारीक वाहिन्या असलेल्या चिपमधून विरल केलेले रक्ताचे नमुने सिरिंज पंपाने सोडले जातात. चिप ३७ अंश सेल्सिअसला ठेवली की वाहिनीच्या वळणांवर बुडबुडे अडकतात व प्रवाह अस्थिर होतो. कृपया उपाय सुचवावा.

उत्तर १:
बफर (आम्लता स्थिर राखणारे, रक्त विरल करण्याचे द्रावण) फ्रिजमधून थेट वापरले जात असावे. हवेच्या संपर्कातील ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३७ अंशांना त्याच्या निम्माच मावतो; उरलेला वायू बाहेर पडणारच, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तर ही क्रिया चिपपर्यंत पोहोचण्याआधी नळीतच सुरू होते. म्हणून बफर आधी कोमट करून निर्वातात वायुमुक्त करावे. रक्ताचा नमुना मात्र निर्वातात ठेवू नये.

उत्तर २:
माझ्या मते खरा दोष बहुधा पहिल्या भरणीत असतो. कोरड्या चिपमध्ये प्रथम इथेनॉल सोडावे. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या जवळपास एक तृतीयांश असल्याने ते कोपऱ्यांतही शिरते. नंतर बफरने भरपूर धुवावे, अन्यथा पेशी फुटतील. प्लाझ्मा प्रक्रियेने (आयनीभूत वायूने पृष्ठभागावर केलेल्या प्रक्रियेने) आलेली जलस्नेहता हवेत ओसरत जाते, त्यामुळे चिप पाण्यात बुडवून ठेवावी.

विद्यार्थिनी:
ट्वीन-२० (पृष्ठताण कमी करणारे, साबणासारखे रसायन) मिसळले तर चालेल का?

उत्तर १:
अत्यल्प प्रमाणात, तेही आधी पेशींवर तपासून. अडकलेल्या बुडबुड्यासाठी निर्गममार्ग बंद करून आतून हलका दाब द्यावा; पीडीएमएस वायूला पारगम्य असल्याने हवा हळूहळू भिंतीतून निघून जाते. जोडण्या सैल नाहीत ना, हेही पाहावे.