प्रतिसाद: मधेच क्यू वाढला तर नंबर कसा द्यायचा
नाटकाच्या प्रकाशयोजनेत मधे क्यू (ठरलेल्या क्षणी दिवे बदलायची, लाइट बोर्डात साठवलेली नोंद) वाढला की पुढचे सगळे नंबर बदला, असं वर सुचवलंय. तसं करू नका. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर प्रयोगाआधी क्यू देणाऱ्याच्या संहितेत जुनेच आकडे असणार. 12 आणि 13 च्या मधे 12.5 रेकॉर्ड करा. आणखी लागला तर 12.7 आहेच. नाटकाच्या दुसऱ्या अंकाचे क्यू सरळ 101 पासून.

खरा घोळ ट्रॅकिंगचा, म्हणजे दिव्याची पातळी एका क्यूमधून पुढच्या क्यूंमध्ये आपोआप चालू राहण्याचा. ईऑस या लाइट बोर्डावर 12.5 ला खिडकीचा स्पॉट 60 टक्क्यांवर आणला, की पुढे त्याला वेगळी आज्ञा मिळेपर्यंत तो तसाच जळतो. तेवढ्यापुरताच हवा असेल तर रेकॉर्ड करताना 'क्यू ओन्ली' दाबा. अंधाराचा क्यू मात्र ब्लॉकच करा, म्हणजे आधीच्या क्यूंमधले बदल त्यात शिरणार नाहीत; नाहीतर असा एखादा स्पॉट ऐन ब्लॅकआउटमध्ये चालूच राहतो.